शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो कुठे? खान्देशातील प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील वरिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य

महोदय, महोदया,
सप्रेम नमस्कार.

आपल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींसाठी सोयी कमी नाहीत. शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह न मिळाल्यास राहण्या-जेवणाचे पैसे आहेत, तक्रार ऐकणारी समिती आहे, समुपदेशक नेमा असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे, दिव्यांग विद्यार्थ्याला पेपरात जादा वेळ आहे. तरीही मार्च उजाडला की मुले तोच प्रश्न घेऊन येतात: फॉर्म तर भरला होता, पैसे का आले नाहीत? शोध घेतला की बहुतेक वेळा अर्ज मंत्रालयात अडकलेला नसतो. तो महाविद्यालयाच्या कार्यालयात, बँकेच्या शाखेत किंवा मुलाच्या बंद पडलेल्या सिमकार्डापाशी थांबलेला असतो. या तिन्ही ठिकाणी तुमचा हात पोहोचतो, म्हणून हे पत्र मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहीत आहोत.

मागणी एकच आहे. प्रवेशाच्या पहिल्या दिवसापासून महाविद्यालयात विद्यार्थी मदतीचे एक टेबल असावे, तिथे ठरलेल्या वेळी ठरलेला माणूस बसावा आणि त्याच्यापुढे एक वही असावी. नवे पद, नवी इमारत, अनुदान यांतले काही त्यासाठी लागत नाही. त्या टेबलावर बसणाऱ्याला काय काय माहीत हवे आणि ते माहीत नसले की कुठे बिघडते, ते पुढे लिहिले आहे.

सुरुवात महाडीबीटीपासून, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती अर्जांच्या पोर्टलपासून, कारण सर्वांत जास्त मुले तिथेच ठेचकाळतात. अनुसूचित जाती आणि जमातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला ती आठ लाख आहे आणि कुटुंबातल्या दोनच मुलांना लाभ मिळतो. व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या, आठ लाखांच्या आतील ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना 2024-25 पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. गावात मात्र 'मुलींचे शिक्षण फुकट' एवढेच पोहोचते. मग विकास निधी, वसतिगृह, अनामत असे काही मागितले की वडील ऑफिसात भांडायला येतात, आणि व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतलेल्या मुलीला तर माफीच नाही हे पैसे भरल्यावर कळते. प्रवेश अर्जासोबत एक पानभर कागद द्या: कोणते शुल्क माफ, कोणते भरायचे, कोणत्या अटीवर. मराठीत, ठळक अक्षरांत. त्याच ओघात हेही सांगतो की पात्र विद्यार्थ्याकडून आधी पूर्ण फी भरून घ्यायची आणि 'शिष्यवृत्ती आली की परत देऊ' म्हणायचे, ही पद्धत थांबवा. प्रवेशाच्या वेळी अशी वसुली करू नये, अशा सूचना शासनाने वेळोवेळी दिल्या आहेत. ती रक्कम भरण्यासाठी घरात उभे पीक गहाण पडते किंवा सावकाराचे दार गाठावे लागते.

कागदपत्रांची गोष्ट जूनमध्ये सुरू केली तर उशीर झालेला असतो. उत्पन्नाचा दाखला सेवा हमीनुसार 15 दिवसांत मिळायला हवा, पण बारावीचा निकाल लागला की सेतू केंद्रांवर झुंबड उडते आणि सर्व्हर रांगत चालतो. म्हणून एप्रिल-मेमध्येच, निकालाची वाट न पाहता, परिसरातल्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या फलकावर यादी लावा: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, लागू असेल तिथे जात वैधता, रेशनकार्ड, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, शिक्षणात खंड असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र. बारकोड असलेला दाखला घ्यायला सांगा. तो क्रमांक टाकला की तपशील आपोआप भरला जातो. हाताने लिहिलेला जुना जातीचा दाखला असेल तर तो आधी डिजिटल करून घ्यावा लागतो, आणि ऐन गर्दीत ते होत नाही. स्कॅन केलेली फाइल 256 केबीच्या आत बसली पाहिजे. मोबाइलवर काढलेला फोटो दोन-तीन एमबीचा असतो. तो लहान करायला गेले की अक्षरे पुसट होतात आणि पुढच्या टेबलावर 'अस्पष्ट' म्हणून अर्ज परत येतो. महाविद्यालयात एक साधा स्कॅनर असला तर हा प्रश्न तिथल्या तिथे मिटतो.

नावांचा घोळ आपल्याकडे विशेष. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. सातपुड्याच्या पट्ट्यात शाळेत एक आडनाव लागलेले असते आणि आधारवर दुसरेच. पोर्टल आधारवरचे नाव उचलते, परीक्षा विभाग गुणपत्रिकेवरचे धरतो, आणि पडताळणीत दोन वेगळी माणसे दिसतात. हा फरक पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या वेळीच टिपून ठेवा. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, राजपत्रात नाव बदलायचे असेल तर आणखी. मुलाचे वय 15 झाल्यावर करायचे आधारचे बायोमेट्रिक अद्ययावतीकरण राहून गेलेले असते, तेही याच वेळी विचारा. मशीनवर अंगठा न उठण्यामागे पुष्कळदा तेच कारण असते.

आता अर्जातल्या एका छोट्या खुणेबद्दल. 'वसतिगृहात राहतो' की 'घरून ये-जा करतो' असा प्रश्न असतो. अनुसूचित जातीच्या बीए, बीएस्सीसारख्या पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला वसतिगृहात राहत असल्यास वर्षाला 6,000 रुपये निर्वाह भत्ता आहे आणि ये-जा करणाऱ्याला 3,000. खूण चुकली की निम्मे पैसे गेले. अर्ज भरून देणारा नेट कॅफेवाला घाईत पहिला पर्याय दाबतो, वसतिगृहाचा दाखला जोडायचा राहतो, आणि मंजुरी मिळाल्यावर हे दुरुस्त करणे फार अवघड होते.

कॅफेवाल्याबद्दल मनात राग नाही. तालुक्याच्या गावात तोच एक जाणकार असतो. पण तो ओटीपीची कटकट नको म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो, पासवर्ड स्वतःच्या डायरीत ठेवतो, आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी मुलाला स्वतःच्या अर्जात शिरता येत नाही. यावर इलाज एकच: अर्ज महाविद्यालयाच्या संगणक कक्षात, मुलाच्या हातून, मुलाच्या नंबरवरून भरून घ्यायचा. एका तुकडीला दोन दुपारी पुरतात. युजरनेम आणि अर्ज क्रमांक मुलाच्या वहीत आणि टेबलावरच्या वहीत, दोन्हीकडे. पासवर्ड मात्र फक्त मुलाकडे.

सगळ्यात जास्त पैसे बँकेपाशी अडतात, त्यामुळे हे जरा सविस्तर. मुलगा म्हणतो, 'माझे आधार खात्याला लिंक आहे.' बँकेने आधार क्रमांक खात्यात नोंदवलेला असतो, हे खरे. पण शिष्यवृत्ती जाते ती एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार जुळवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत त्या आधारसमोर ज्या बँकेचे नाव आहे तिथे. आधार खात्यात नोंदवणे वेगळे आणि ही सीडिंगची नोंद वेगळी. एका आधारसमोर एकाच बँकेची नोंद राहते, जी सर्वांत शेवटी झाली ती. मुलाने मधेच मोबाइलवरून एखादे पेमेंट बँकेचे खाते उघडले आणि संमतीच्या चौकटीत खूण केली, तर पैसे तिकडे वळतात आणि घरचे जुने पासबुक घेऊन रांगेत उभे राहतात. तपासायचे असे: 'माय आधार'च्या संकेतस्थळावर आधार क्रमांक टाकून ओटीपी घ्यायचा, 'बँक सीडिंग स्टेटस' उघडायचे, बँकेचे नाव आणि 'ॲक्टिव्ह' हा शब्द दोन्ही पाहायचे. ओटीपीसाठी आधारला मोबाइल जोडलेला लागतो. नसेल तर आधी आधार केंद्र. बँक चुकीची दिसली तर हव्या त्या शाखेत सीडिंगच्या संमतीचा फॉर्म द्यायचा, पोच घ्यायची आणि काही दिवसांनी पुन्हा तपासायचे. फॉर्म दिला म्हणजे काम झाले असे नाही, ही गोष्ट मुलांना दोनदा सांगावी लागते.

खाते जिवंत आहे का, तेही बघा. दोन वर्षे व्यवहार नसला की खाते निष्क्रिय होते. शाळेत असताना उघडलेली अनेक खाती 'छोटी खाती' म्हणून नोंदलेली असतात. त्यांत शिल्लक 50,000 रुपयांच्या वर जाऊ शकत नाही, वर्षभरातली एकूण जमा एक लाखाच्या वर जाऊ शकत नाही आणि महिन्याला 10,000 च्या वर काढता येत नाहीत. अभियांत्रिकी किंवा फार्मसीच्या मुलाची शिष्यवृत्ती अशा खात्यावर आली तर ती परत जाण्याची भीती असते. अठरा पूर्ण झाल्यावर नवे केवायसी देऊन खाते पूर्ण करून घ्यावे लागते. जवळच्या शाखेच्या व्यवस्थापकाला वर्षातून एक दिवस महाविद्यालयात बोलवा. फॉर्म, झेरॉक्स आणि सह्या एका ठिकाणी झाल्या की जे काम मुलांना शाखेच्या तीन-तीन फेऱ्या मारून होत नाही ते एका दुपारी उरकते.

अर्ज सादर झाल्यावर तो महाविद्यालयाच्या लिपिकाकडे येतो, तिथून प्राचार्यांच्या लॉगिनमध्ये, मग जिल्हा कार्यालयात. कुठेही त्रुटी निघाली की 'सेंड बॅक' होऊन अर्ज विद्यार्थ्याकडे परत जातो. सूचना येते ती नोंदवलेल्या मोबाइलवर, आणि तो नंबर एव्हाना रिचार्ज संपून बंद झालेला असतो. विद्यार्थी समजतो की अर्ज पुढे गेला. कार्यालय समजते की विद्यार्थ्याने लक्ष दिले नाही. मुदत संपते. म्हणून वही हवी. त्यात नाव, वर्ग, अर्ज क्रमांक, स्वतःचा आणि घरचा मोबाइल, सीडिंग असलेल्या बँकेचे नाव, अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे आणि ते पाहिल्याची तारीख. दर सोमवारी महाविद्यालयाच्या लॉगिनमधून परत आलेल्या अर्जांची यादी काढायची आणि नावे वर्गात वाचून दाखवायची. केवळ फलकावर लावून भागत नाही, कारण ज्याचा अर्ज परत आला आहे त्यालाच आपले नाव तिथे असेल असे वाटत नसते.

लिपिकावर सगळे ढकलून चालणार नाही, हेही तितकेच खरे. प्रवेश, परीक्षा अर्ज, निकाल आणि शिष्यवृत्ती ही चारही कामे बऱ्याच ठिकाणी एकाच माणसाकडे आहेत. तो रजेवर गेला की लॉगिन बंद, तो निवृत्त झाला की पासवर्ड कुणाला ठाऊक नाही. दुसरा माणूस तयार ठेवा, आणि तुमच्या स्वतःच्या लॉगिनमधले अर्ज आठवड्याहून जास्त पडून राहू देऊ नका.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात त्याचा निर्वाह भत्ता असतो आणि महाविद्यालयाच्या शुल्काचा भागही असतो. बँकेचा मेसेज हे वेगळे करून सांगत नाही. पेरणीच्या किंवा दवाखान्याच्या गरजेला ते पैसे घरात लागतात, आणि नंतर महाविद्यालय शाळा सोडल्याचा दाखला अडवते. रक्कम जमा होण्याआधीच मुलाला आणि पालकांना आकड्यांत सांगा: एवढे तुमचे, एवढे शुल्काचे.

हजेरीचा प्रश्न खान्देशात वेगळा उभा राहतो. शिष्यवृत्तीला 75 टक्के हजेरी लागते. दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, शहादा, शिरपूर, चोपडा या भागांतली अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात जातात, आणि थोरला मुलगा बऱ्याचदा सोबत जातो किंवा मागे राहिलेली भावंडे सांभाळतो. होळी आणि भोंगऱ्या (होळीच्या आधीचा आदिवासींचा बाजार-उत्सव) यांच्या दिवसांत सातपुड्यातले कोणतेही मूल वर्गात सापडणार नाही, आणि सापडावे अशी अपेक्षाही धरू नये. पण त्रुटी दुरुस्तीच्या मुदती बऱ्याचदा नेमक्या तेव्हाच संपत येतात. सत्र संपल्यावर 'तुझी हजेरी 58 टक्के आहे' असे सांगण्याने काही साधत नाही. दर महिन्याला हजेरी काढा, 75 च्या खाली गेलेल्यांशी त्याच महिन्यात बोला, आणि भोंगऱ्याला जाण्याआधी त्या मुलांचे अर्ज तपासून टाका.

वसतिगृह न मिळालेल्यांसाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, अनुसूचित जमातीला पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, आणि इतर मागास, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गाला ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. या शेवटच्या योजनेत जिल्ह्याला 600 जागा आहेत. स्वाधारमध्ये मोठी शहरे सोडून इतर जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला 43,000 रुपये मिळतात: भोजनाचे 25,000, निवासाचे 12,000 आणि निर्वाहाचे 6,000. या योजना नेमक्या कशाने हातातून जातात? पहिले कारण असे की 'नंबर लागणारच नाही' म्हणून मूल शासकीय वसतिगृहाला अर्जच करत नाही, आणि मग वसतिगृह नाकारले गेले असे दाखवता येत नाही. दुसरे, खोलीमालक भाडेकरार करून देत नाही, कारण त्याला घरपट्टी वाढेल अशी धास्ती असते. तिसरे कारण तुमच्या हातातले आहे: पुढचा हप्ता महाविद्यालयाच्या हजेरी प्रमाणपत्रावर अवलंबून असतो आणि ते प्रमाणपत्र मागितल्यावर 'उद्या या' असे उत्तर मिळते. ते त्याच दिवशी द्या. अनुसूचित जातीसाठी कार्यालय म्हणजे सहायक आयुक्त, समाजकल्याण; जमातीसाठी नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प. जळगाव शहरात शिकणारा आदिवासी मुलगा जळगावातच चौकशी करत फिरतो आणि प्रकल्प कार्यालय यावलला असते, एवढी साधी माहितीही फलकावर नसते.

एसटीच्या पासबद्दल थोडक्यात. विद्यार्थ्याला भाड्याचा साधारण तिसरा हिस्साच भरावा लागतो. बोनाफाइड दाखले वर्गवार एकगठ्ठा तयार करून आगारात पाठवले तर मुलांचा जूनमधला एक आठवडा वाचतो.

नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यातल्या महाविद्यालयांनी सिकलसेलकडे, म्हणजे तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराकडे, डोळे उघडून पाहावे, ही आमची कळकळीची विनंती आहे. भिल्ल, पावरा, मावची समाजांत हा आजार आहे. सिकलसेलच्या विद्यार्थ्याला अचानक हातापायांत, पाठीत असह्य वेदना सुरू होतात. ताप, थंडी, पाणी कमी पडणे, अतिश्रम यांनी त्या वाढतात. बाहेरून पाहणाऱ्याला मुलगा धडधाकट दिसतो, म्हणून शिक्षकांना ते बहाणे वाटतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये जी 21 दिव्यांगत्वे धरली आहेत त्यांत सिकलसेल आहे, हे किती प्राध्यापकांना माहीत असेल? अशा मुलाला वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या, धावण्याच्या स्पर्धेची सक्ती करू नका, वेदनेच्या दिवसांचा दवाखान्याचा कागद हजेरीत धरा, आणि त्याला यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचे ओळखपत्र) काढायला मदत करा. त्याच कायद्याने शासकीय व अनुदानित महाविद्यालयांत 40 टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना 5 टक्के जागा आहेत. लिहिण्यात अडचण असलेल्या पात्र विद्यार्थ्याला परीक्षेत तासाला 20 मिनिटे जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक आणि जादा वेळेचा अर्ज परीक्षा फॉर्मसोबतच गेला पाहिजे. पेपरच्या आदल्या दिवशी केंद्रप्रमुखाकडे धावपळ केली की तो नाही म्हणतो, आणि मग मूल पेपर अर्धवट टाकून येते.

आता समुपदेशन. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी देशातल्या सर्व शिक्षणसंस्थांसाठी बंधनकारक मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचे. शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी दोघांनाही वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचे. टेलि-मानससह मदतीचे क्रमांक वसतिगृहात, वर्गांत आणि संकेतस्थळावर ठळक लावायचे. टेलि-मानसचा क्रमांक 14416. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते.

बऱ्याच ठिकाणी या सूचनेची पूर्तता म्हणून मानसशास्त्राच्या किंवा मराठीच्या प्राध्यापकाचे नाव समुपदेशक म्हणून लिहून टाकतात. अंतर्गत गुण ज्याच्या हातात आहेत त्याच्यासमोर मूल मन मोकळे करत नाही. पूर्णवेळ माणूस परवडत नसेल तर तीन-चार महाविद्यालयांनी मिळून एक प्रशिक्षित समुपदेशक ठेवावा, आठवड्याचे वार वाटून घ्यावेत. खोली प्राचार्यांच्या दालनासमोर नको, स्टाफरूमला लागून नको. बाहेर नावांची रांग लागू देऊ नका. भेटीच्या नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक असावा आणि ती वही कपाटात कुलपात असावी. ती नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलीत पुरावा म्हणून जोडणे तर कदापि नको. तिथे आकडे द्या, मजकूर नाही. बसणाऱ्याला अहिराणी समजली पाहिजे. शहादा-धडगावकडे पावरी, भिल्ली, नवापूरकडे मावची जाणणारा कुणी जोडीला हवा. 'काय व्हयनं, भाऊ?' एवढे घरच्या बोलीत विचारले की पुष्कळ मुले बोलू लागतात. पुस्तकी मराठीत विचारले तर 'काही नाही सर' म्हणून उठून जातात.

गर्दीचे दिवसही ठरलेले असतात: वसतिगृहातला पहिला महिना, निकालानंतरचा आठवडा, स्पर्धा परीक्षेच्या याद्या लागतात ते दिवस, आणि लग्नसराईच्या आधीचे दोन महिने, जेव्हा दुसऱ्या वर्षाच्या मुली अचानक गप्प होतात. त्या काळात वेळ वाढवा.

एखादे मूल 'जगावेसे वाटत नाही' म्हणाले तर काय करायचे, हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत प्रत्येकाला पाठ हवे. त्याला एकटे सोडायचे नाही. जिवाचे काही करून घ्यायचा विचार आहे का, हे सरळ विचारायचे. विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. उपदेश आणि आईबापाची शपथ, दोन्ही नको. फवारणीचे औषध, दोरी, गोळ्या हाताशी असतील तर शांतपणे दूर करायच्या. आपल्या कापूस-केळीच्या पट्ट्यात कीटकनाशक प्रत्येक घराच्या ओसरीवर असते, म्हणून घरी पाठवताना पालकांना हे स्पष्ट शब्दांत सांगावे लागते. 14416 लावून समोर बसायचे आणि गरज वाटली तर सोबत माणूस देऊन दवाखान्यात न्यायचे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुले आणि पालक पोलीस केसला घाबरून लपवतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 च्या कलम 115 नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे धरले जाते आणि तिच्यावर शिक्षेची कारवाई होत नाही. हे त्यांना सांगा. मोलगी-धडगावच्या वसतिगृहांत रात्री मोबाइलला रेंज नसते. तिथे रेंज मिळणारी जागा, वॉर्डनचा नंबर आणि रात्री गाडी देणाऱ्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

तक्रारींच्या समित्या सगळीकडे आहेत, फलकावर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2023 च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान न झाल्यास विद्यार्थी 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे जाऊ शकतो. समितीत किमान एक महिला आणि अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागास वर्गातली किमान एक व्यक्ती हवी, आणि विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणून हवा. मूळ कागदपत्रे अडकवून ठेवणे, माहितीपत्रकात नसलेले शुल्क मागणे, शिष्यवृत्ती न देणे, निकाल लांबवणे ही सारी तक्रारीची कारणे आहेत. प्रत्यक्षात मूल तोंडी सांगते, समोरचा 'बघतो' म्हणतो, आणि 15 दिवस कधी सुरूच होत नाहीत. म्हणून लेखी तक्रार घ्या आणि तारीख-सहीची पोच त्याच क्षणी द्या. तक्रारपेटीची किल्ली ज्यांच्याविरुद्ध तक्रार येऊ शकते अशा कुणाकडेही नसावी. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती वेगळी असते: अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक, बाहेरच्या स्वयंसेवी संस्थेतली एक सदस्य, प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर तीन विद्यार्थी. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने आहे आणि कारणे नोंदवून ती वाढवता येते. 'उशीर झाला' म्हणून मुलीला परत पाठवू नका. रॅगिंगसाठी 1800-180-5522 हा चोवीस तासांचा क्रमांक आहे. तो माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर छापून पुरत नाही, वसतिगृहाच्या जिन्यात हवा.

राहिली टेबलाची व्यवस्था. वेळ एसटीशी जुळवा. खेड्यातली मुले सकाळच्या पहिल्या गाडीने येतात आणि दुपारच्या गाडीने परततात. मदत कक्ष दुपारी तीन ते पाच ठेवला तर तो फक्त शहरातल्या मुलांसाठी राहतो. साडेदहा ते दीड ही वेळ बहुतेक ठिकाणी जमते. दोन प्राध्यापक आणि एक लिपिक आळीपाळीने बसावेत, प्राध्यापकांचे आठवड्याचे दोन तास कमी करावेत, नाहीतर पंधरा दिवसांत खुर्ची रिकामी दिसेल. तिसऱ्या वर्षाची दोन-तीन चुणचुणीत मुले 'कमवा व शिका'तून जोडीला घ्या; त्यांना कामाचे पैसे मिळतील आणि नव्या मुलांना विचारायला संकोच वाटणार नाही. साहित्य म्हणाल तर एक संगणक, स्कॅनर, प्रिंटर, चालणारे इंटरनेट, आणि वही. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती वही तुम्ही स्वतः वाचा आणि ज्या नावापुढे दोन महिने तोच टप्पा लिहिलेला आहे, त्या मुलाला बोलावून घ्या.

मे महिन्यात टेबल मांडण्याची तयारी सुरू करणाऱ्या कोणत्याही महाविद्यालयात, पहिला आठवडा आमच्यातले लोक येऊन बसायला तयार आहेत. तुमच्या लिपिकासोबत अर्ज भरून दाखवू, सीडिंग तपासून दाखवू, वहीचे रकाने आखून देऊ. मानधन नको. खुर्ची आणि इंटरनेट तेवढे द्या.

आपले,
खान्देशातील महाविद्यालये, वसतिगृहे आणि समुपदेशन कक्षांत काम करणारे काही शिक्षक, लिपिक आणि कार्यकर्ते